कांबळ्यांचा फ्रेंच डिफेन्स

“मॅडम, डिफेन्सचा पोर्शन कधी संपणार?”

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की कुणी ना कुणी पालक मला हे विचारतातच. मी बुद्धिबळ शिकवते. दादरला एका शाळेच्या दोन वर्गखोल्या संध्याकाळी मिळतात, तिथे बाकं जोडून पट मांडायचे, आणि सुट्टीच्या दिवशी गिरगावपासून लालबागपर्यंत जिथे स्पर्धा असेल तिथे पंच म्हणून उभं राहायचं, यात माझं अर्ध्याहून अधिक आयुष्य गेलं. एवढ्या वर्षांत नाना तऱ्हेचे प्रश्न आले, पण या पोर्शनने मला सर्वांत जास्त पिडलं. पूर्वी मी शांतपणे समजावून सांगत असे. आता वय झालं, तेवढा दम राहिला नाही. “संपला की फोन करते,” एवढंच म्हणते. काही जण खरंच फोनची वाट बघतात.

ज्यांचा पटाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची. म्हणजे काळा सुरुवातीपासूनच एक पाऊल मागे. मग काळ्याने पहिल्या दहा-बारा चालींत आपलं बस्तान कसं बसवायचं, समोरच्याला कुठे अडवायचं आणि कुठे मुद्दाम येऊ द्यायचं, याच्या काही ठरलेल्या रीती आहेत. त्यांना डिफेन्स म्हणतात. कुणाला देशाचं नाव, कुणाला गावाचं. प्रत्येकावर उशीएवढी जाड पुस्तकं आहेत, आणि आता तर मोबाइलवर सगळं फुकट. आमची मुलं त्या चाली पाढ्यांसारख्या पाठ करून येतात. घडाघडा खेळतात. समोरच्याने चौथीच चाल वेगळी केली की पेन तोंडात घालून माझ्याकडे बघत बसतात, जसं काही मी सिलॅबसबाहेरचा प्रश्न काढलाय. डाव संपल्यावर मी विचारते, “अरे, पण ते प्यादं तू तिथे का ठेवलंस?” उत्तर येतं, “तिथेच ठेवायचं असतं, मॅडम.”

माझं सगळं शिकवणं त्या ‘का’पाशी अडून बसलेलं आहे. त्यामुळे माझा क्लास कधी फार चालला नाही. पलीकडच्या गल्लीत एका सुट्टीत चार डिफेन्स शिकवणारा क्लास आहे, तिथे दाराबाहेर चपला ठेवायला जागा नसते. माझ्याकडे मुलं येतात थोडी, पण टिकतात. टिकलेली दहावीचं वर्ष आलं की सोडून जातात, याचं मात्र मला अजूनही वाईट वाटतं. त्यातल्या दोघा-तिघांचा हात असा होता की मी त्यांच्या आईवडिलांच्या घरी जाऊन हुज्जत घातली. चहा मिळाला, मुलं मिळाली नाहीत.

मोठी माणसंही येतात शिकायला. माटुंग्याहून एक निवृत्त गृहस्थ आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. म्हणाले, “मला जावयाला हरवायचंय. पण फार नाही.”

“फार नाही म्हणजे?”

“म्हणजे तो पुन्हा खेळायला बसला पाहिजे.”

त्यांना मी मोठ्या आवडीने शिकवलं. इतकी समंजस अपेक्षा घेऊन आलेला विद्यार्थी मला दुसरा भेटला नाही. त्यांचे जावई अजून खेळतात, असं ऐकते.

पण या दिवाळीला लिहायला बसले ते प्रदीप कांबळ्यांबद्दल. डिफेन्स शिकवणं म्हणजे नेमकं काय, हे मला त्यांच्याएवढं कुणी दाखवलं नाही.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती लालबागच्या एका मंडळाच्या स्पर्धेत. मंडळाचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीशी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले ढोल, आणि मी पंच. कांबळे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. नायगावच्या चाळीत वाढलेले, विमा कंपनीत नोकरीला. त्यांच्या समोर सुहास दळवी, लालबागला मसाल्याचं दुकान असलेले. दोघे परळच्या एकाच शाळेत एका बाकावर होते. तेव्हापासून दर रविवारी दोघांचा डाव ठरलेला, कधी याच्या चाळीच्या गॅलरीत, कधी त्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर मिरच्यांच्या पोत्यांशेजारी. खेळणाऱ्या सगळ्यांना ही जोडी माहीत होती. कांबळे हल्लेखोर. प्यादी उधळून देऊन पट मोकळा करायचे आणि लांबून उंट-वजीर घेऊन तुटून पडायचे. दळवी चिवट, बसून राहणारे.

डावाच्या मध्यावर दळव्यांनी हात वर केला. “मॅडम, ह्याला सांगा ना जरा. सारखा अ‍ॅडजस्ट, अ‍ॅडजस्ट. डोकं उठलंय माझं.”

आमच्यात नियम असा, की सोंगटीला हात लागला तर तीच खेळायची. घरात वाकडी बसलेली सोंगटी नुसती सरळ करायची असेल, तर हात लावण्याआधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचं, मग तो हात धरत नाहीत. कांबळे प्रत्येक चालीआधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणून सगळ्या पटावरून बोटं फिरवत होते. सोंगट्या तर सरळच उभ्या होत्या. मला वाटलं, समोरच्याला पिडायची ही नवी युक्ती. पंचाला अशा युक्त्यांची सवय असते. एक महाशय होते, समोरच्याची चाल आली की भाजलेले शेंगदाणे सोलून सालं फुंकायचे. मी कांबळ्यांना ताकीद दिली. त्यांनी मान हलवली आणि हात मांडीवर ठेवले.

त्यानंतर पाच-सहा चालींत त्यांचा वजीर गेला. पटाच्या पार कोपऱ्यात दळव्यांचा उंट उभा होता, त्याच्या तिरप्या रेषेत कांबळ्यांनी आपण होऊन वजीर नेऊन ठेवला. दळवीसुद्धा दचकले. कांबळ्यांनी डाव सोडला. दळव्यांनी रीतीप्रमाणे हात पुढे केला. कांबळे उठले, खुर्ची आत सारली आणि त्या हाताशेजारून चालते झाले.

“बघितलंत?” दळवी लालबुंद झाले. “हरला तर हरला, हात पण नाय मिळवला? शाळेपासूनची दोस्ती, मॅडम!” त्यानंतरचा रविवारचा डाव झाला नाही, आणि पुढचेही झाले नाहीत, असं मला नंतर कळलं.

मला मात्र त्या निघून जाण्यात काहीतरी खटकलं होतं. रागावून जाणारा माणूस समोरच्याकडे बघत नाही, पण पुढे आलेल्या हाताला वळसा घालून जातो. कांबळ्यांनी वळसा घातला नव्हता. त्यांची बाही त्या हाताला घासून गेली होती. मी पंचाची खुर्ची सोडून त्यांच्यामागे गेले. जिन्यात भरदुपारचा उजेड होता, आणि ते भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरत होते.

“कांबळे, तुम्हाला दिसत नाही का?” आडून विचारण्याची कला मला कधी जमली नाही.

ते थांबले. “समोरचं दिसतं. बाजूचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं आहे, आणि नळी बारीक होत चाललीय.”

परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या होत्या. त्यावर इलाज नव्हता. त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, ऑफिसात सांगितलं नव्हतं. पटाची मधली घरं त्यांना दिसत, कडेची दिसत नसत, म्हणून ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणत ते कडेच्या सोंगट्या बोटांनी शोधून घेत होते.

“मग दळव्यांना तरी सांगा. ते समजताहेत तुम्ही त्यांचा हात झिडकारलात.”

“कुठला हात?”

मी सांगितलं. ते कठड्याला टेकले. म्हणाले, “असू दे. चिडलो म्हणून समजू दे त्याला. हे सांगितलं ना मॅडम, की तो रविवारी नक्की येईल. गप्प बसेल, सांभाळून घेईल, मुद्दाम हरेल. मी ओळखतो त्याला. तसला डाव मला नको. त्यापेक्षा खेळ बंद केलेला बरा.”

मला राग आला, आणि तो लपवायचं काही कारण दिसलं नाही. मी अंध खेळाडूंच्या स्पर्धांनाही पंच म्हणून जाते. त्यांचा पट वेगळा असतो. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच, प्रत्येक घराच्या मधोमध भोक, सोंगटीच्या बुडाला त्यात बसणारी खिळी. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक असतं, म्हणजे बोटाला रंग कळतो. तिथे सोंगटीला हात लावला म्हणून ती खेळावी लागत नाही, भोकातून उपसली तरच. माझ्या घरी असा एक पट होता.

“शनिवारी दुपारी माझ्या घरी या,” मी म्हणाले.

“तो पट हातात घेतला की सगळ्यांना कळणार.”

“माझ्या घरी सगळे नसतात. मी असते आणि मांजर असते.”

ते आले. पहिले काही शनिवार त्यांनी आपला जुना खेळच त्या पटावर खेळून पाहिला. तो चालेना. मोकळ्या पटावर हत्ती, उंट, वजीर सगळीकडून मारा करतात, त्यामुळे प्रत्येक चालीनंतर सगळ्या दिशा चाचपाव्या लागतात. एक बाजू तपासून होईपर्यंत दुसरीकडून घोडा येऊन बसलेला असे. कांबळे घामाघूम होत. एकदा वैतागून त्यांनी पटावर जोरात थाप मारली. साधा पट असता तर सोंगट्या खोलीभर झाल्या असत्या. इथे सगळ्या आपापल्या भोकात रुतलेल्या. कांबळ्यांनी बोटं फिरवली, सगळं जागच्या जागी. “मॅडम, ह्याच्यावर राग पण काढता येत नाही,” ते म्हणाले, आणि आम्हा दोघांनाही हसू आवरेना.

ते गेल्यावर मी पट तसाच समोर ठेवून बसले. जिन्यात त्यांना भिंत होती म्हणून ते उतरू शकले. पटावर त्यांना भिंत कुठे मिळेल, असा विचार करता करता मी फ्रेंच डिफेन्सपाशी आले.

तो असा असतो. पांढरा आपल्या राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो. काळा उत्तरादाखल आपलं एकच घर सरकवतो. बघणाऱ्याला वाटतं, घाबरला. मग दोघांची वजिरासमोरची प्यादी एकमेकांपुढे येऊन ठाकतात, आणि पांढरा आपलं पहिलं प्यादं आणखी पुढे रेटतो. झालं, मधोमध चार प्यादी एकमेकांत अडकली. ती आता बराच वेळ हलत नाहीत. पटाच्या मध्यावर तिरपी भिंत उभी राहते. पांढऱ्याला राजाच्या बाजूला ऐसपैस जागा मिळते, काळ्याची दाटी होते. सर्वांत हाल होतात काळ्याच्या एका उंटाचे. त्याच्याच प्याद्याने त्याची वाट बंद केलेली असते, म्हणून तो घरात बसून राहतो.

एवढी गैरसोय काळा का सोसतो? कारण आता भिंत कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तिचा पाया ठाऊक असतो. पांढऱ्याच्या दोन प्याद्यांतलं जे मागचं, त्याच्यावर पुढचं टेकलेलं असतं. काळ्याने शेजारचं प्यादं आणून, घोडा आणून, वजीर आणून त्या मागच्या प्याद्यावर दाब वाढवत राहायचा. पांढरा त्या प्याद्याच्या राखणीत गुंतला की दुसऱ्या बाजूने भिंतीच्या डोक्यावर, म्हणजे त्या पुढच्या प्याद्यावर, घाव घालायचा. डिफेन्स एवढाच आहे. पुस्तकातल्या बाकीच्या सगळ्या चाली या दोन कामांसाठी असतात. हे कळलं की चाल विसरली तरी चालते, आणि हे कळलं नाही तर पाठ केलेली चालसुद्धा उपयोगी पडत नाही.

कांबळ्यांनी तोंड वाकडं केलं. “म्हणजे स्वतःला कोंडून घ्यायचं. मी आयुष्यात असा खेळलो नाही. आणि हा उंट? हा तर जन्मठेपेलाच गेला.”

“तो कुठून सुटेल ते तुम्ही मला सांगायचं. मी सांगणार नाही.”

मी पटावरून सगळ्या मोठ्या सोंगट्या काढून घेतल्या. राजे आणि प्यादी, एवढंच ठेवलं. कितीतरी शनिवार आम्ही तेवढंच खेळलो. चालीचं नाव घ्यायचं नाही, हे प्यादं कशासाठी उभं आहे ते बोलायचं. हे त्याला धरून आहे. हे हललं तर ते पडेल. मग एकेक सोंगटी परत आणली. घोडा कुठे बसला तर पायाला त्रास होईल? वजीर इथे नको, का नको? कांबळे कधी कंटाळायचे, कधी माझ्याशी वाद घालायचे. वाद घातला की मला बरं वाटायचं, कारण पाठ करणारा माणूस वाद घालत नाही. हळूहळू त्यांच्या बोटांची चाल बदलली. आधी ती पटभर सैरावैरा धावत. आता ती पहिल्यांदा मधल्या भिंतीवर जात, तिथून पायाकडे, मग डोक्याकडे, आणि शेवटी कडांना. पट त्यांच्या हातात मावायला लागला होता.

याच दिवसांत नजर आणखी उतरली. एका शनिवारी त्यांच्या पत्नी, सुजाताताई, त्यांना न्यायला आल्या. कांबळे बाहेर चपला शोधत होते तेव्हा त्या आत येऊन हळूच मला म्हणाल्या, “यांना वाटतं मला माहीत नाही. घरात कधीपासून मी स्टूलसुद्धा जागचं हलवलेलं नाहीये. आता चाळ पाडणार, नवी होईपर्यंत आम्ही ट्रान्झिट कॅम्पात जाणार. तिथे सगळं पहिल्यापासून लावायचंय, तर त्यांना विचारूनच लावावं म्हणते. पण विचारू कसं?”

“दाराच्या डाव्या बाजूला काही ठेवू नकोस, बास,” बाहेरून आवाज आला. “आणि हळू बोलत जा जरा. डोळे गेलेत माझे, कान नाही.”

सुजाताताई हसल्या आणि त्याच क्षणी रडायला लागल्या. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि ते पुरेसं उकळेपर्यंत बाहेर आले नाही.

घरी कळलं, ऑफिसातही सांगून झालं. तिथे त्यांना फोनवरच्या चौकशांचं काम मिळालं आणि कॉम्प्युटर बोलका करून दिला. राहिले दळवी. मी मधूनमधून आठवण करून द्यायची. कांबळ्यांचं उत्तर ठरलेलं, “आधी मला नीट खेळता येऊ दे. मग त्याला सांभाळून घेऊन परवडणार नाही.”

पुढच्या वर्षी लालबागच्या त्याच स्पर्धेत त्यांनी नाव घातलं. माझा विद्यार्थी खेळणार म्हणून मी पंच व्हायला नकार दिला आणि बघ्यांत जाऊन बसले. अशा डावात दोन पट असतात. डोळस खेळाडूचा साधा, अंध खेळाडूचा खिळ्यांचा. प्रत्येकाने चाल मोठ्याने बोलायची, समोरच्याने ती उच्चारून आपल्या पटावर करायची. घड्याळाला काच नसते, काटे बोटांनी बघता येतात. कांबळे पहिली फेरी हरले, दुसरी जिंकले. तिसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्या आणि सुजाताताईंनी त्यांना वाचून दाखवलं. पांढरे, दळवी. काळे, कांबळे.

दळवी आले तेच तोंड फुगवून. दुकानात आणि घरात अडकलेला माणूस, त्यांच्या कानावर काहीच आलं नव्हतं, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांनी हॉलच्या या टोकाकडे बघितलंही नव्हतं. टेबलावर दोन पट पाहून ते थबकले. कांबळ्यांनी खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला आणि हात पुढे केला.

“सुहास? मागच्या वेळी तू हात दिला होतास म्हणे. मला दिसला नव्हता रे.”

दळव्यांनी त्या खिळ्यांच्या पटाकडे पाहिलं, मग मित्राच्या डोळ्यांकडे. दोन्ही हातांनी त्यांनी तो हात धरला. “मेल्या,” ते म्हणाले. “मेल्या, सांगायला काय झालेलं तुला?”

“तू मुद्दाम हरला असतास.”

“मी?” दळवी म्हणाले, आणि आपल्या सोंगट्या सरळ करायला लागले.

घड्याळ सुरू झालं. दळव्यांनी घसा साफ केला. “ई फोर.”

“इव्हा म्हण. बी, सी, डी, ई, सगळं सारखंच ऐकू येतं.”

पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच अशी अक्षरं असतात, आणि अंधांच्या खेळात त्या अक्षरांना नावं आहेत. अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. जगभर तीच. मसाल्याच्या दुकानदाराला ती भर हॉलमध्ये म्हणायची म्हणजे मोठी पंचाईत. “इव्हा... फोर,” दळवी पुटपुटले. मागे कुणीतरी खुसखुसलं.

“इव्हा सिक्स,” कांबळे म्हणाले.

भिंत उभी राहिली. आणि थोड्याच वेळात मला दिसायला लागलं की कांबळ्यांना ज्याची भीती होती तेच समोर चाललंय. पांढऱ्याने राजाच्या बाजूने धावून जायचं असतं. दळवी प्यादी थोपवत होते, पुढे आलेला उंट विनाकारण मागे घेत होते, चाल अगदी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तशी बोलत होते. कांबळ्यांच्या हे लक्षात आलं होतं. त्यांनी ओठ आवळून धरले होते. मला वाटलं, हा डाव आता ते जिंकले तरी घरी जाऊन पट माळ्यावर टाकतील.

मग कांबळ्यांनी भिंतीच्या डोक्यावर घाव घातला. प्याद्यांची मारामारी झाली आणि त्यांच्या हत्तीसमोरची रांग मोकळी झाली. त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या राजासमोर, दळव्यांचा घोडा उभा होता. कांबळ्यांची बोटं तिथे गेली, परत आली, पुन्हा गेली. बराच वेळ ती त्या घोड्यावर थांबली. मग त्यांनी हत्ती उपसला.

“हत्ती. फेलिक्स थ्री. घोडा मारला.”

त्या घोड्याला प्याद्याचा आधार होता. म्हणजे हत्ती जाणार, आणि हत्ती घोड्यापेक्षा मोठा. हत्ती एक घर अलीकडे थांबायचा होता, मला खात्री वाटली. बोटांनी एक भोक जास्त मोजलं.

दळव्यांनाही तेच वाटलं. ते पुढे वाकले. “प्रदीप, चुकलास. एक घर जास्त गेलास. परत घे, मी काय बोलणार नाय.” पंच होता एक तरुण मुलगा, तो बावरून माझ्याकडे बघायला लागला. मी ढोलांकडे बघत राहिले.

“चुकलो असेन तर मार ना,” कांबळे म्हणाले.

“अरे, पण—”

“सुहास, घड्याळ तुझं चाललंय.”

दळव्यांनी नाइलाजाने प्याद्याने हत्ती मारला. कांबळ्यांच्या घोड्याने लगेच भिंतीचा पाया, म्हणजे ते मागचं प्यादं, खाल्लं, कारण त्याची राखण करणारा दळव्यांचा घोडाच उरला नव्हता. राजासमोरचं प्यादं बाजूला गेल्यामुळे राजाचं अंगण उघडं पडलं होतं, तिथे काळा वजीर आला. आणि तो जन्मठेपेचा उंट मागच्या रांगेतून वळसा घालून लांबच्या तिरप्या रेषेवर निघाला. मला हे सगळं एकेक चाल झाल्यावर कळत होतं. दळव्यांना माझ्याआधी कळलं. त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर रोवली, बाह्या वर सारल्या आणि पटाकडे असं बघितलं जसं त्या डावात अजून बघितलं नव्हतं.

“खंय शिकलंस ह्या?” ते गावच्या मालवणीत खेकसले.

“तू खेळ.”

आता दळवी खेळायला लागले. जीव तोडून खेळले. राजा ओढत पटाच्या दुसऱ्या बाजूला नेला, आपलाही एक हत्ती देऊन हल्ला मोडायला बघितला, एकदा तर कांबळ्यांनाच संकटात आणलं. “गुस्ताव फाइव्ह! शह!” असं ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरचे दोघे हलले आणि पंचाने त्यांना ताकीद दिली. कांबळे घामाने चिंब झाले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. सुजाताताई माझ्या कानाशी विचारत होत्या, “जिंकतायत का? जिंकतायत का हो?” मला सांगता येत नव्हतं. पुष्कळ वेळाने दळव्यांनी पट एकदा वरपासून खालपर्यंत बघितला आणि हताशपणे मागे टेकले.

“सोडला,” ते म्हणाले. आणि श्वास घ्यायच्या आत, “रविवारी दुकानावर ये. हा पट घेऊन ये. हे असलं परत माझ्यासमोर खेळलास ना, तर सोलून काढीन तुला.”

“बघू,” कांबळे म्हणाले.

दळवी पाणी प्यायला गेले तशी मी पुढे झाले. मला राहवत नव्हतं. “कांबळे, हत्तीची चाल. मला वाटलं, बोट चुकलं.”

“सगळ्यांनाच वाटलं.” त्यांनी पट माझ्या बाजूला वळवला आणि माझं बोट धरून त्या घरावर टेकवलं. “तो घोडा इथे होता. पायाची राखण तोच करत होता. राजासमोर तोच उभा. मधल्या घरावर पहारा त्याचाच. मी कुठूनही निघालो तरी बोटं इथेच येऊन अडायची. शेवटी म्हटलं, ह्यालाच काढू, मग काय जायचं ते जाऊ दे.”

“पण हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं.”

“नाही,” कांबळे हसत म्हणाले. “तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही नको म्हणाला असतात.”

खरं होतं. मी नकोच म्हटलं असतं, आणि वर का नको, तेही समजावून सांगितलं असतं.